आईची खालची कवळी

खालची कवळी बसत नव्हती. आईने ती बोटाने दाबून पाहिली, जीभ आतून फिरवून पाहिली, आणि काही म्हणायला तोंड उघडलं तशी ती उचलून वर आली आणि वरच्या दातांवर खट्कन आपटली. रविवारच्या बंद दवाखान्यात तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"बोलून बघ ना काहीतरी," दादा म्हणाला.

"काय बोलू? मी बोलायच्या आधी हीच बोलतेय."

एरवी या वाक्यावर घर हसलं असतं. आज खुर्चीभोवती उभ्या असलेल्यांपैकी कोणाला हसू फुटलं नाही. दादाने वडिलांनंतर, म्हणजे अप्पांनंतर, हा दवाखाना सांभाळला होता आणि आता केसांना कलप लावणंही सोडलं होतं. त्याची मुलगी पेशंटसाठी धाकट्या डॉक्टर होती, पण घरच्यांसाठी अजून ठमीच. ती हातमोजे घातलेले हात पुढे धरून उभी होती. ठमीची आई, म्हणजे वहिनी, काउंटरमागून उठून आल्या होत्या. आणि सगळ्यांत मोठी ताई पर्स मांडीवर घेऊन पेशंटच्या बाकावर बसली होती. घरात काही ठरायचं असलं की ताईला बोलवावं लागत नसे, तिला वास यायचा.

काका, म्हणजे दादाचा धाकटा भाऊ, नेहमीप्रमाणे मागच्या खोलीच्या दारात होता, निम्मा आत, निम्मा बाहेर. वरची कवळी आईच्या टाळूला अशी चिकटून बसली होती, की ती पाहून सकाळी तो मुकाट्याने मागे निघून गेला होता. खालची आपटल्याचा आवाज आला तेव्हा त्याला हायसं वाटलं. ते त्याचं त्यालाच कळलं, आणि त्याने नजर दाराच्या चौकटीकडे वळवली.

दोन्ही कवळ्या मशीनने केल्या होत्या. कंपनीच्या माणसाने महिनाभर वापरून बघायला म्हणून सगळं सामान आणून टाकलं होतं. त्यात एक स्कॅनर होता, जाड पेनासारखा. तो तोंडात फिरवला की पडद्यावर दात आणि हिरड्या उमटायच्या. मापाचा तो गुलाबी लगदा ट्रेमध्ये भरून पेशंटच्या घशापर्यंत कोंबायची गरजच नव्हती. शिवाय दात छापणारं एक मशीन होतं, ते मागच्या खोलीत जागा नाही म्हणून वहिनींच्या काउंटरवर बसलं होतं, आणि येणारा प्रत्येक पेशंट त्यांना विचारत होता की यातून कॉफी येते का. वहिनींनी पहिल्या आठवड्यात हसून उत्तर दिलं, दुसऱ्या आठवड्यात नुसतं उत्तर दिलं, आणि आता त्या फक्त बघायच्या.

कंपनीचा माणूस उद्या सकाळी येणार होता. ठेवायचं तर सही, नाहीतर सामान परत. दादाने ठरवून टाकलं होतं, की आईची कवळी बसली तर मशीन राहील. राहिलं तर मागची खोली त्याला द्यायची. प्लास्टरची पोती, मेणाचा दिवा, घासायची चाकं, भिंतभर फळ्या, सगळं काढायचं. आणि काकाने आता आराम करायचा. "फार केलंस रे," असं दादा म्हणाला होता, अगदी मनापासून, काकाच्या खांद्यावर हात ठेवून. काकाने मान हलवली होती. त्याला एवढंच उमगलं की उद्यापासून त्याला कुठे जायचं ते ठरलेलं नाही.

डॉक्टर होणं त्याला जमलं नव्हतं. अप्पांनी त्याला मागच्या खोलीत आणून बसवलं, हातात मेणाची सुरी दिली, आणि त्याचे हात चालायला लागले ते थांबलेच नाहीत. गावभर माणसं त्याने केलेल्या दातांनी जेवत होती. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा चेहरा माहीत नव्हता. ज्यांना माहीत होता ते त्याला मागचे काका म्हणायचे.

"मी पहिल्यापासून म्हणत होते," ताई म्हणाली.

"काय म्हणत होतीस?" दादाने विचारलं. "सकाळी तर म्हणालीस, जमाना बदलला, आपणही बदलायला हवं."

"ते वरची बसली तेव्हा म्हणाले. हातच्या कामाची सर येते का मशीनला? अप्पांनी केलेली कवळी आईने किती वर्षं वापरली. मोडली, तर भाऊने जोडली. पुन्हा मोडली, पुन्हा जोडली. पण बसायची की नाही?"

"बसायची," आई म्हणाली. खालची कवळी तिने आता काढून तळहातावर घेतली होती, आणि ती एखादी चुकीच्या पत्त्यावर आलेली वस्तू असावी तशी तिच्याकडे बघत होती.

दादाने चष्मा काढून पुसला. त्याचा पवित्रा बदलताना काकाने आयुष्यभर पाहिला होता. आधी चष्मा पुसला जायचा. "ठमे, मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, एकदम आजीवर प्रयोग नको. एखादा साधा पेशंट घ्यायचा. एक दात, एक कॅप."

"तूच म्हणालास, आजीची बसली तर कोणाचीही बसेल."

"ते उत्साहात म्हणालो."

"माप चुकलं, बाबा. खालचं माप नीट आलं नाही. माझीच चूक आहे," ठमी म्हणाली, आणि काकाकडे न बघता हातमोजे काढायला लागली.

काकाने चौकट घट्ट धरली.

कारण माप तिने घेतलंच नव्हतं. वरचं घेतलं होतं. टाळू कुठे हलत नाही, ते चटकन झालं. खालच्या वेळी घोडं अडलं. आईची जीभ एका जागी राहीना, लाळ साचे, गाल मध्ये येई, आणि दर थोड्या वेळाने तिला काहीतरी सांगायचं असे. चित्र अर्धं व्हायचं आणि तुटायचं. ठमीने चार-पाच वेळा प्रयत्न केला आणि मग ती हिरमुसून मागच्या खोलीत आली होती. काका कोणाच्या तरी दाढा घासत होता.

"काका, तुझ्याकडे आजीचा खालचा साचा असेल ना? मी तोच स्कॅन करते."

त्याला किती बरं वाटलं होतं. एवढं मशीन आणलं आणि शेवटी फळीपाशीच आली पोरगी. त्या फळ्यांवर घरातल्या प्रत्येकाचं तोंड प्लास्टरमध्ये ठेवलेलं होतं. ही अप्पांची रीत. ठमीच्या दुधाच्या दातांपासून ताईच्या लग्नाआधीच्या दातांपर्यंत सगळं होतं. काकाने हात वर करून आईचा साचा न बघताच काढला. तो त्याने स्वतः ओतलेला होता, एकही बुडबुडा नसलेला.

"हा कधीचा?" ठमीने विचारलं होतं.

"अगं, आत्ताचाच."

त्याला तो खरंच आत्ताचा वाटला होता. पण तो आईच्या मोठ्या आजारपणाच्या आधीचा होता. तेव्हा आई पिशवी घेऊन एकटी बाजारात जायची आणि भाजीवाल्याशी भांडून यायची. त्यानंतर ती अंथरुणाला खिळली, अर्धी झाली, उठली, आणि उठल्यावर तिने तो लगदा तोंडात घ्यायला साफ नकार दिला; शेवटच्या वेळी तिला ओकारी आली होती आणि तिने दादाचं बोट चावलं होतं. मग काका जुनीच कवळी आतून लिंपत राहिला. वय झालं की हिरडी झिजते, हाड बसत जातं, हे दादा रोज कोणा ना कोणाला समजावून सांगायचा आणि काका ते रोज भिंतीआडून ऐकायचा. ते आपल्या आईलाही लागू आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या लेखी आईची हिरडी फळीवर होती, तशीच्या तशी.

मशीनने बिचाऱ्याने त्याचा साचा इमानदारीने उतरवला होता.

"उद्या त्याला सांग, घेऊन जा म्हणावं," ताई दादाला सांगत होती. "आणि भाऊची खोली राहू दे. चाललंय ते चांगलं चाललंय."

"हो, तसंच करू," दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडी सुटकाही होती. त्यालाही पडद्यावरची ती बटणं जमत नव्हती.

मशीन जावं म्हणून महिनाभर नवससायास करायचे तेवढे वहिनींनी बाकी ठेवले होते. पण आता त्या लेकीकडे बघत होत्या. ठमी तोंड पाडून वायर गुंडाळत होती, आणि रडू आलं की ती लहानपणापासून अशीच काहीतरी गुंडाळत बसायची.

"तिला काय म्हणायचंय ते नीट ऐकून तरी घ्या," वहिनी म्हणाल्या. "महिनाभर घासतेय पोरगी. एका फटक्यात सगळ्यांनी काखा वर केल्यात."

"मला काही म्हणायचं नाहीये, आई," ठमी वहिनींना म्हणाली.

काका मागच्या खोलीत गेला. कोणी वळून पाहिलं नाही. तो मागे जातच असे. ट्यूबलाइट नेहमीसारखी फडफडत लागली. या खोलीला खिडकी नव्हती. फळीवर साच्याची जागा रिकामी होती, आणि साचा टेबलावर होता. तो तिथेच राहिला तरी चालणार होतं. त्याने एक शब्द बोलायची गरज नव्हती. खोली राहणार होती, दिवा राहणार होता, उद्या सकाळी तो दार उघडून आत बसणार होता, आणि ठमी कोणाला काही सांगणार नव्हती, हे त्याला तिच्या पाठीवरून कळलं होतं. लहानपणी त्याच्या हातून तिची बाहुली फुटली होती तेव्हाही तिने आपणच फोडली म्हणून सांगितलं होतं.

त्याने साचा उचलला आणि बाहेर आला.

"तिची चूक नाही," तो म्हणाला. "खालचं माप याचं आहे. मी दिला तिला. तिने विचारलं होतं कधीचा म्हणून. मी म्हटलं आत्ताचा. आईच्या आजारपणाआधीचा आहे हा."

दादाने साचा हातात घेतला, आईच्या तळहातावरची कवळी उचलली आणि साच्यावर ठेवली. ती तिळाएवढीही हलली नाही.

"मुद्दाम दिलास?" दादाने विचारलं.

"अरे, काय बोलतोयस," वहिनींच्या आधी ताईच म्हणाली.

"त्याला विचारतोय मी."

काकाने स्वतःलाच एकदा विचारून पाहिलं. "मुद्दाम नाही. देताना मला वाटलं, माझं काम उपयोगी पडतंय. पण बसली नाही ना, तेव्हा बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू."

दादाचा चेहरा लाल झाला. भावाभावांत जे बोलायचं राहून गेलं होतं ते सगळं आता निघणार, असं ताईला वाटलं असावं, कारण तिने पर्स बाजूला ठेवली. "अरे, तुला खोली सोडायची नव्हती, तर सांगायचंस ना," दादा म्हणाला. "मी काय तुला हाकलत होतो?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस."

"तू मान हलवलीस."

"मी कशालाही मान हलवतो. तुला माहितीये."

"पुरे," आई म्हणाली. आता वरचीही कवळी काढल्यामुळे तिचे गाल आत गेले होते आणि आवाज मऊ झाला होता, पण दोघेही तिच्याकडे वळले. "मी मघापासून तोंड घेऊन बसलेय इथे. त्यात कोणी बघणार आहे का, की मी घरी जाऊ?"

ठमीने डोळे पुसले आणि वायर पुन्हा उलगडली. "आजी, मी परत माप घेऊ? लगदा नाही. हाच पेन."

"घे बाई. पण गेल्या वेळी मला बोलू दिलं नाहीस."

"या वेळीही नाही देणार." मग ती वळली. "एकटीला जमत नाही मला. बाबा, तू गाल धर आणि लाळ ओढ. काका, तू जिभेकडे ये."

"मी?" काका म्हणाला.

"तुझ्याशिवाय कोण आहे? आत्याला चक्कर येते."

त्याने हात धुतले. आयुष्यभर प्लास्टर कालवलेल्या हातांवर दादाने स्वतः मोजे चढवले, कारण त्याला ते चढवता येत नव्हते. "अंगठा असा," दादा म्हणाला, अजून रागातच. "आरसा सपाट धर. जिभेला ढकलायचं नाही, नुसता टेकवून ठेवायचा. ढकललास की ती भांडते." काकाने तसं केलं. पहिल्यांदा जीभ भांडली. दादाने त्याच्या मनगटाला धरून कोन बदलला, आणि ती शांत झाली.

इतकी वर्षं त्याने तोंडं पाहिली होती ती पांढरी, कोरडी, टेबलावर उपडी पडलेली. हे तोंड ओलं होतं, गरम होतं, श्वास घेत होतं. आई त्याच्याकडे खालून टक लावून बघत होती. इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं होतं हे त्याला आठवेना. ठमीने पेन मागच्या कोपऱ्यात नेला आणि हळूहळू पुढे आणायला लागली. पडद्यावर गुलाबी पट्टी उमटू लागली, एका बाजूने, वळून पुढे, दुसऱ्या बाजूने. एकदा तुटली. "थांब, मागे घे, तिथूनच धर," दादाच म्हणाला, आणि ती पुन्हा जुळली.

"झालं," ठमी म्हणाली.

तिने पडद्यावर ते चित्र फिरवलं. काकाने साचा शेजारी धरला. साच्यावरची हिरडी उंच होती, भरलेली. पडद्यावरची जमिनीसारखी सपाट झाली होती, मध्ये कुठे कुठे तर उरलीच नव्हती.

"एवढीच राहिली?" त्याच्या तोंडून निघालं. आई म्हातारी झाली आहे, हे त्याला रोज दिसत होतं, पण आत्ता कळलं.

"तेवढ्यावर भागतंय माझं," आई म्हणाली.

एवढी सपाट हिरडी कवळी कशी धरून ठेवणार, यावर दादा आणि ठमी लगेच बोलायला लागले. कडा कुठवर न्यायची, गालाची साथ कशी घ्यायची, आधी नुसती छापून आईला दोन दिवस घालायला द्यायची आणि मग दुरुस्त करायची का. काका ऐकत होता. आज मध्ये भिंत नव्हती.

मग ठमीने पडद्यावर दात आणले. एका रांगेत, शाळेतल्या मुलांसारखे सरळ. तिने स्टूल सरकवलं. "बस, काका. दात तूच लाव. माउस असा धर."

पहिला दात त्याने ओढला तो थेट पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. ताई खुदकन हसली. दुसरा उलटा झाला. "मेणात बरं असतं," काका म्हणाला, "पळत तरी नाही." पण थोड्या वेळाने त्याचा हात स्थिर झाला. चुकलं तर मागे घेता येतं, पुन्हा वितळवावं लागत नाही, हे लक्षात आल्यावर तो जरा धीट झाला. एक दात सरकवला, एक किंचित आत घेतला, एक फिरवला. पुढच्या दातांवर आल्यावर त्याने न विचारताच उजवीकडचा सुळ्याशेजारचा दात थोडा तिरपा केला, शेजाऱ्यावर रेललेला. अप्पांनी केलेल्या कवळीत तो तसाच होता.

"अगदी अप्पांच्या हातचा," ताई म्हणाली आणि रुमाल शोधायला लागली. दादानेही चष्मा काढला. आईचा खरा दात तरुणपणी तसाच वाकडा होता, आणि अप्पांनी कवळी करताना तो आठवणीने तसा बसवला होता, ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती.

"तो सरळ कर," आई म्हणाली.

काकाने वळून पाहिलं. "कुठला?"

"तोच, वाकडा. मला कधीच आवडला नाही. लहानपणी सगळी चिडवायची त्यावरून. कवळी करणार म्हटल्यावर मला वाटलं, चला, एकदाचे सरळ दात मिळतील. तर तुझ्या वडिलांनी तो पुन्हा आणून बसवला. आणि इतके खूश होते, इतके खूश होते, की काय बोलणार मी?"

"मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?" ताईला ते पटतच नव्हतं.

"मला कोणी विचारलं?"

काकाने माउस हलवला आणि तो दात सरळ केला. आईने मान पुढे करून पाहिलं, आणि दात नसलेल्या तोंडाने एवढी मोठी हसली की ठमीने तिच्या गालाचा मुका घेतला.

"आणि तुला, काका?" ठमी तशीच आईच्या खुर्चीच्या दांडीवर बसून म्हणाली. "तुला काय हवंय? तुलाही आम्ही कोणी विचारलं नाही."

दादा म्हणाला, "मी त्याला आराम देतोय..."

"त्यांना बोलू द्या," वहिनी म्हणाल्या.

सगळे त्याच्याकडे बघत होते. काकाला मान हलवायची सवय होती, पण या प्रश्नाला मान हलवून उत्तर देता येत नव्हतं. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या त्या मशीनकडे, मग मागच्या खोलीच्या दाराकडे, जिथे ट्यूबलाइट अजून फडफडत होती. पुढच्या खोलीत, पेशंटच्या बाकाशेजारी, एक मोठी खिडकी होती. तिच्यातून रस्ता दिसायचा, माणसं दिसायची. तिच्याखाली जुनी मासिकं ठेवायचं टेबल होतं.

"ठमे, ते मशीन चालायला काय काय लागतं?" त्याने विचारलं.

"वीज. आणि धूळ नको."

"उजेड?"

"उलट उजेड नकोच असतो त्याला."

"खिडकी?"

"नाही."

काका उठला. मासिकांचा गठ्ठा उचलून त्याने ताईच्या मांडीवर ठेवला आणि रिकाम्या टेबलावरून हात फिरवला.

"मग ते बसेल मागे," तो म्हणाला. "मी इथे बसतो."

वहिनींनी कोणाच्या होकाराची वाट पाहिली नाही. त्या काउंटरपाशी गेल्या आणि मशीनची एक बाजू धरून नवऱ्याला म्हणाल्या, "उचला दुसरीकडून."